खाच पडलेला शिक्का

१

दुपारी सव्वादोन वाजता छिंगयान कंपनीच्या अकराव्या मजल्यावर एका कोऱ्या कागदावर शिक्का उमटला, आणि तो चुकीचा निघाला.

रंग बरोबर होता. मधली पाच टोकांची चांदणी बरोबर होती. भोवती गोल फिरलेलं कंपनीचं नावही बरोबर होतं. फक्त चांदणीच्या खाली पोलीस खात्यात नोंदलेले तेरा आकडे असायला हवे होते, ते नव्हते. लाल पेटीत होता तो कंपनीचा शिक्का नव्हताच, आणि खरा कुठे गेला हे कुणाला माहीत नव्हतं.

चीनमधल्या हांगचौ शहरात याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. मालकाची सही म्हणजे नुसती नक्षी. शिक्का ज्याच्या हातात, कंपनी त्याच्या हातात. त्यात दिवस नेमका असा. पाच वाजायच्या आत करारावर शिक्का पडला, तर छिंगयानची किंमत शंभर कोटी डॉलर ठरणार होती. ज्या नव्या कंपनीची तेवढी ठरते तिला तिकडे एकशिंगी म्हणतात, आणि एका शिंगाचा मोठा केक सकाळीच येऊन फ्रीजमध्ये बसला होता. शिक्का पडला नाही, तर गुंतवणूकदार तळमजल्यावरच्या चहाघरातून उठून समोरच्या मनोऱ्यात जाणार होते. तिथली कंपनी हाच धंदा करत होती आणि त्यांचा शिक्का जागेवर होता.

नवा शिक्का करून घ्यायचा तर पोलिसांत तक्रार, मग जाहीर सूचना, मग चार दिवस. म्हणून मालक यिन शाओबो याने पोलिसांना फोन केला नाही. ज्या बाईशी तो आठ वर्षांत एक शब्द बोलला नव्हता, तिला केला.

२

ची मानलिंगच्या कचेरीवर ‘व्यवसाय सल्ला’ अशी पाटी होती, कारण खाजगी हेरगिरीला परवानगी नाही. हरवलेली कागदपत्रं आणि पळालेली माणसं शोधून ती वकिलांना देत असे. धंदा बरा चालला होता. खिडकीतून मात्र समोरच्या चौकातलं छिंगयानचं निळं कपाट दिसायचं, आणि ते तिच्या डोळ्यांत आठ वर्षं कुसळासारखं सलत होतं.

गावभर खाणं पोचवणारी पोरं विजेच्या दुचाकीवरून यायची, उतरलेली बॅटरी कपाटात सरकवायची, भरलेली काढून घ्यायची आणि पळायची. कपाटावर उडती पाकोळी रंगवलेली असे. ती पाकोळी मानलिंगनेच काढली होती. टायरच्या दुकानामागे भाड्याच्या खोलीत तिघांनी कंपनी काढली तेव्हा कपाटं होती आठ. यिन बोलायचा, गेंग ल्यांग यंत्रं जुळवायचा आणि उरलेलं सगळं ती करायची. मग वडिलांना अर्धांगवायू झाला, दर महिन्याचा पक्का पगार हवा झाला, आणि तिने आपला हिस्सा यिनला परत विकला. आलेल्या पैशांत एक बरी मोटार आली असती. आज त्याच हिश्श्यात मोटारींचा कारखाना आला असता. हा हिशोब तिने इतक्या वेळा केला होता की झोपेतून उठवलं तरी तिने तो बिनचूक म्हणून दाखवला असता.

तेव्हा फोनवर यिनचा आवाज चिरकलेला ऐकून तिला काय वाटलं, ते लपवण्यात अर्थ नाही. गोड वाटलं. टॅक्सीत बसताना तिने स्वतःला बजावलं की आपण काम म्हणून जातोय. मनाने ते ऐकून घेतलं आणि उगाच दुसरीकडे बघितलं.

तीन वाजून दहा मिनिटांनी ती अकराव्या मजल्यावर पोचली. मजला बंद होता, कुणाला खाली सोडत नव्हते. पिशव्या, खण, कोटांचे खिसे, दुपारच्या झोपेच्या घडीच्या खाटासुद्धा तपासून झाल्या होत्या. यिन जाड झाला होता आणि सूट फार चांगला शिवलेला होता. तिने दोन्हींची नोंद घेतली.

“बारा वीसला मी स्वतः खरा शिक्का वापरला,” यिन म्हणाला. “एका साध्या पत्रावर. पांगमावशींनी तो पेटीत घातला, पेटी तिजोरीत, चावी कमरेला. साडेबाराला दिवे बंद झाले, सगळे झोपले. एक चाळीसला दिवे लागले. पावणेदोनला करारासाठी म्हणून मावशींनी पेटी न्ये यालिनच्या हवाली केली. सव्वादोनला हे.”

त्याने कोरा कागद पुढे सरकवला. मानलिंगने तो खिडकीपाशी नेऊन उजेडाला धरला. तांबड्या गोलाच्या कडेला, उजव्या हाताला, तांदळाच्या कणीएवढी जागा कोरी होती.

ती खाच तिने पाडलेली होती. पहिल्या हिवाळ्यात लिनआनचे डोंगरी अक्रोड आले होते आणि खोलीत हातोडी नव्हती. तिने टेबलावरचा लाकडी शिक्का उचलून त्याच्या कडेने अक्रोड फोडला. कडेचा टवका उडाला, यिन ओरडला, आणि गेंगने तेवढ्यात अक्रोड खाऊन टाकला.

“हा आपला पहिला शिक्का आहे,” ती म्हणाली. “तो तर आठ वर्षांपूर्वीच पोलिसांकडे जमा करून मोडायचा होता ना?”

यिनने मान हलवली. “म्हणून तर तुला बोलावलं.”

३

जुन्या शिक्क्याची शेवटची दुपार मानलिंगला लख्ख आठवत होती, कारण ती तिचीही शेवटची होती. सरकारने आकड्यांचे शिक्के सक्तीचे केले होते. जुन्याने उमटवलेला शेवटचा कागद म्हणजे मानलिंग स्वखुशीने हिस्सा सोडते असा करार. त्यानंतर तो वर्तमानपत्रात गुंडाळून टेबलावर ठेवला होता. खोलीत चौघं होती: यिन, गेंग, पांगमावशी आणि ती. तो जमा करायला कोण गेलं, हे विचारायला ती थांबली नव्हती.

यिनला मात्र चोर आधीच सापडला होता. पैशांचं खातं सांभाळणारी न्ये यालिन, वय एकतीस, दोन वर्षांपूर्वी सिंगापूरहून आलेली. आल्या आल्या तिला जो हिस्सा मिळाला तेवढा जुन्यांना दहा वर्षांत मिळाला नव्हता, त्यामुळे मजल्यावर तिच्याविषयी कुणाच्या तोंडून बरा शब्द निघत नव्हता. ती दुपारची झोपत नसे. सगळा मजला अंधारात घोरत असताना ती बर्फाची कॉफी घेऊन फिरत असे, आणि घोरणाऱ्यांना ते चोरीपेक्षा फार वेगळं वाटत नव्हतं. पेटी तिच्याच ताब्यात होती. यिनने तिला काचेच्या खोलीत बसवून हाताने माफीपत्र लिहायला लावलं होतं.

मानलिंग आत गेली तेव्हा न्येची दोन पानं झाली होती.

“पेटी घेताना उघडून का बघितली नाहीस?” तिने विचारलं.

“मावशींसमोर?” न्ये म्हणाली. “अकरा वर्षं ज्या बाईने शिक्का सांभाळला, तिच्यासमोर पेटी उघडून बघायची म्हणजे तिच्या तोंडावर चोर म्हणायचं. मी बाहेरून आलेली आहे, ताई. तेवढं मला इथल्यांपेक्षा जास्त सांभाळावं लागतं.”

“आणि सव्वादोनला कागदावर शिक्का मारून बघायचं कुणी ठरवलं?”

“मीच. गुंतवणूकदारांसमोर शाई फुटायला नको म्हणून.”

झोपेच्या वेळात काय दिसलं, असं विचारल्यावर तिने सांगितलं की यिनसाहेब पूर्ण वेळ बाहेरच्या सज्जात पाठमोरे उभे राहून फोनवर बायकोशी भांडत होते. बाकी अंधार होता.

मानलिंगला पोरगी आवडली नाही. कोट महाग होता आणि हात रडतानाही थरथरत नव्हते. पण आवडणं वेगळं आणि पटणं वेगळं. जिने चोरी केली ती स्वतःहून तीन तास आधी चोरी उघडी कशाला पाडेल? पाच वाजता थेट करारावर शिक्का मारला असता तर बोभाटा गुंतवणूकदारांच्या वकिलांसमोर झाला असता आणि शोधायला एक मिनिटही उरलं नसतं. शिवाय तो जुना शिक्का. न्येला तो अस्तित्वात आहे हेही माहीत असायचं कारण नव्हतं.

गेंग ल्यांग कार्यशाळेत उघड्या बॅटऱ्यांच्या ढिगात बसला होता. डोक्यावरचे केस गेले होते, बाकी तसाच.

“आलीस का मयताला?” तो म्हणाला. “बस. अजून प्राण आहे थोडा.”

“तू घेतलास का?”

“मी घेतला असता तर छ्येनथांग नदीत फेकला असता. अदलाबदल वगैरे नाजूक कामं मला जमत नाहीत.” मग त्याने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे एका मासिकाचं मुखपृष्ठ चौकटीत लावलं होतं. त्यावर यिन एकटा उभा होता, आणि त्याच्या खांद्यावर कुणाची तरी चार बोटं होती. “ती बोटं माझी आहेत. मी रोज बघतो त्यांच्याकडे. पण शिक्का गेला तर माझंही मातेरं होणार, मानलिंग. माझा हिस्सा लहान असला तरी आहे. तुझ्यासारखा मोकळा नाही मी.”

हे त्याने बोचायला म्हटलं नव्हतं, म्हणूनच जास्त बोचलं. तो दुपारी काय करत होता, असं तिने विचारलं. झोपलो होतो, तो म्हणाला, बाहीवर डोकं ठेवून. पण सगळेच तसं म्हणत होते.

त्याने जुना शिक्का तपासून ठेवला होता. तो त्याने तिच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, “याला वास येतोय का बघ.”

तिने नाकाशी धरला. ताज्या शाईतल्या एरंडेलाचा मंद, ओला वास आला. शिक्का उलटा केला. आठ वर्षं अडगळीत पडलेल्या शिक्क्याच्या अक्षरांत शाई दगडासारखी सुकून बसायला हवी. इथे एकेक रेघ लख्ख होती. हा शिक्का कुणीतरी आठ वर्षं धुतपुसत आलं होतं.

४

पांगमावशींचं टेबल तिजोरीला लागून, खिडकीच्या कोपऱ्यात होतं. वय साठ. टायरच्या दुकानामागच्या खोलीत त्या पहिल्या दिवशी जमाखर्चाला म्हणून आल्या आणि शिक्क्याच्या होऊन राहिल्या. निवृत्तीचं वय झाल्यावर कंपनीने त्यांना पुन्हा ठेवून घेतलं होतं. टेबलावर सगळं जागच्या जागी होतं: नोंदवही, शाईची चिनी मातीची डबी, पेल्यात उभा ठेवलेला लाल केसांचा दात घासायचा ब्रश, फुलं निम्मी खरवडून गेलेला जुना थर्मास, आणि अक्रोडांचा डबा.

“मानलिंग, वाळलीस गं,” त्या म्हणाल्या आणि तिला बसवून गरम पाण्याच्या यंत्राकडे गेल्या. येताना दोन कागदी पेले आणले. एक तिच्यापुढे ठेवला, दुसरा स्वतः दोन बोटांच्या चिमटीत धरून फुंकत बसल्या. पेला पोळत होता.

मानलिंगने विचारायच्या आधीच त्यांनी सगळं सांगून टाकलं. त्या खाटेवर मेल्यासारख्या झोपल्या होत्या. दिवे लागले तेव्हाच डोळे उघडले. चावी कमरेलाच होती, पण नाडा फिरून पाठीमागे गेला होता. कुणीतरी चावी काढून परत अडकवली असणार. झोपेत कळलं नाही, हीच चूक झाली.

“आता हे सगळं त्या न्येकडे जाणार ना?” मानलिंगने विचारलं.

“गुंतवणूकदारांची अट आहे म्हणतात. उद्यापासून चावी तिच्याकडे.” मावशींनी पेला खाली ठेवला. “शिकलेली आहे. चांगलं सांभाळेल.”

त्यांच्या आवाजात काही नव्हतं, आणि मानलिंगला ते ‘काही नसणं’ ओळखीचं वाटलं. चौकातल्या निळ्या कपाटाबद्दल कुणी विचारलं की तिचा स्वतःचा आवाज असाच कोरा होत असे.

चार वाजले. यिन दर दहा मिनिटांनी येऊन घड्याळाकडे बघून जात होता. मानलिंगने जाहिरातीचं काम करणाऱ्या मुलीला विचारलं की आज काही फोटो काढलेत का. काढले होते. एक पन्नासला, दिवे लागून दहा मिनिटं झाल्यावर, सगळ्यांना समारंभासाठी आणलेल्या कापडी एकशिंगी घोड्याभोवती उभं करून एक काढला होता. मुलगी ओशाळली होती, कारण सगळ्यांची तोंडं सुजलेली आली होती.

मानलिंगने तो मोठा करून घेतला. असा फोटो दुसऱ्या कुठल्या देशात निघाला नसता. पन्नास माणसं नुकतीच टेबलावरून आणि खाटांवरून उठलेली. कुणाच्या कपाळावर घड्याळाचा पट्टा उमटलेला, कुणाच्या कानामागचे केस उभे. गेंगच्या गालावर बाहीची चेन दातांसकट छापली गेली होती. तो खरोखर झोपला होता. यिनचा चेहरा साफ होता, पण तो सज्जात होता. न्येचा साफ होता, ती झोपतच नव्हती.

पांगमावशी डाव्या टोकाला उभ्या होत्या. त्या बाराही महिने बांबूच्या पट्ट्यांच्या उशीवर झोपत. टायरच्या दुकानामागच्या खोलीत त्या उठल्या की गालावर अर्धा तास शेवया दिसत आणि तिघंही त्यांना चिडवत. फोटोतला त्यांचा गाल इस्त्री केल्यासारखा होता.

मेल्यासारखी झोपलेली बाई जागी होती. शुक्रवारच्या शुक्रवारी ब्रशने शिक्के धुणारी एकच बाई त्या जुन्या खोलीत होती. मानलिंगला उत्तर मिळालं होतं, आणि उत्तराचा काही उपयोग नव्हता. खरा शिक्का कुठे होता? मजल्याची झडती झाली होती. मावशींचे खिसे, खण, खाट, सगळं.

तिचा घसा कोरडा पडला होता. हातातला कागदी पेला मऊ होऊन गळायला लागला होता. तिने मजल्यावर नजर फिरवली. प्रत्येक टेबलावर झाकणाचा पेला होता, स्वतःचा, कुणाचा काचेचा, कुणाचा पोलादी. झाडूवाल्या उस्तादाच्या गाडीलासुद्धा त्याचा थर्मास अडकवलेला होता. त्या गावात माणूस एक वेळ चप्पल विसरेल, गरम पाणी विसरणार नाही.

मग तिने हातातल्या मऊ पेल्याकडे पुन्हा बघितलं.

५

चार वाजून अठरा मिनिटांनी ती मावशींसमोर जाऊन बसली.

“मावशी,” ती म्हणाली, “मला तुमच्या थर्मासातलं पाणी द्या.”

मावशींचा हात अक्रोडाच्या डब्यावर होता तो तिथेच राहिला. मानलिंगने हळू आवाजात सगळं सांगितलं: फोटोतला गाल, ब्रश, धुतलेला शिक्का. अकरा वर्षं तो थर्मास हाताशी असताना आज मावशी बोटं भाजत कागदी पेल्यातून पाणी पीत होत्या, हेही सांगितलं. झडती घेणाऱ्यांनी सगळं उघडलं होतं, पण वडीलधाऱ्या बाईच्या पिण्याच्या पाण्याचं झाकण कुणी उघडत नाही.

“पेटी ती न बघता घेणार, हे तुम्हाला माहीत होतं,” मानलिंग म्हणाली. “तुम्हाला मान देण्यासाठी. आणि पाच वाजता सगळ्यांसमोर तिच्याच हातून खोटा शिक्का पडला असता.”

“पोरगी आगाऊ,” मावशी म्हणाल्या. “मारून बघितला आधीच.”

“जुना जमा का केला नाहीत?”

“पोलिसांच्या खिडकीपर्यंत गेले होते. तिथला माणूस सुरी घेऊन बसला होता, चांदणीवर आडवी चीर मारायला. माझ्याने देववेना. घरी नेला. धुवायचे, शाई लावायचे, एखाद्या कागदावर मारून बघायचे. तुम्ही तिघं त्यावर अक्रोड फोडायचात.” त्यांनी मान वर केली. डोळे कोरडे होते. “अकरा वर्षं ही चावी कमरेला आहे, मानलिंग. आंघोळीलासुद्धा दाराच्या आत नेते. आणि ती कॉफी पीत येते, आणि सगळं तिला मिळतं. जळते मी. मग? जळायला पगार लागतो का?”

मानलिंगने हात पुढे केला. मावशींनी थर्मास तिच्याकडे न देता आपल्याकडे ओढला.

“अजून चाळीस मिनिटं आहेत,” त्या म्हणाल्या. “तुला पाच वाजल्यानंतर तहान लागली तर काय बिघडतं?”

त्यांनी अक्रोडाचा डबा उघडून तिच्यापुढे सरकवला.

“खा. गेल्या महिन्यातलेच आहेत, लिनआनचे. तुझंही पोट दुखतंय ना आठ वर्षं? मला माहीत आहे. चौक ओलांडून पलीकडून जातेस तू, कपाट दिसायला नको म्हणून. गेंगने बघितलंय. पाचला तो सूटवाला खाली येईल, तुझ्या माझ्या शेजारी बसेल. तू चोरी केली नाहीस. तुला फक्त उशिरा सापडलं.”

मानलिंगने एक अक्रोड उचलला.

खरं सांगायचं तर ती उठली नाही. चार वीस झाले, चार पंचवीस झाले. ती अक्रोड सोलत होती आणि डोळ्यांसमोर समोरच्या मनोऱ्यात जाणारे गुंतवणूकदार बघत होती, चौकाचौकातून उचलली जाणारी निळी कपाटं बघत होती, टायरच्या दुकानात उभ्या राहिलेल्या यिनला बघत होती. आठ वर्षांत तिला इतकं हलकं वाटलं नव्हतं. तो हिशोब, तो मोटारीचा आणि कारखान्याचा, पहिल्यांदाच बरोबरीत सुटत होता. चार तीसला तिने दुसरा अक्रोड घेतला.

समोर काचेच्या खोलीत न्येने माफीपत्राचं चौथं पान संपवलं आणि खाली सही केली. मग ती उठली, एका पुठ्ठ्याच्या खोक्यात आपला कोट, चार्जर आणि कॉफीचा पेला भरू लागली. तिला कुणी जा म्हटलं नव्हतं. तिने स्वतःच ओळखलं होतं. खोकं भरताना तिचे हात अजूनही थरथरत नव्हते. पण कोटाची घडी तिने तीनदा घातली आणि तीनदा मोडली.

मानलिंगनेही त्या दुपारी असंच खोकं भरलं होतं. तिच्या कागदावर ‘स्वखुशीने’ असं लिहिलं होतं, आणि ते किती खरं आहे हे खोलीतल्या तिघांपैकी एकानेही तिला विचारलं नव्हतं. मावशींनी फक्त शिक्का पुढे केला होता.

“मावशी,” ती म्हणाली, “तिची आणि माझी जागा एकच आहे. मला आत्ता तहान लागली आहे.”

पांगमावशींनी तिच्याकडे बघितलं. मग स्वतःच झाकण फिरवलं, पाणी नसलेला, नुसती ऊब धरून राहिलेला थर्मास तिच्या हातावर उपडा केला, शिक्का तळहातावर पडला, आणि त्यांनी खिडकीकडे तोंड केलं.

६

चार वाजून बेचाळीस मिनिटांनी मानलिंगने शिक्का यिनच्या टेबलावर ठेवला.

“चोरी नव्हती,” ती म्हणाली. “पेट्यांची अदलाबदल झाली. जुना शिक्का जमा करायचा राहून गेला होता, तो तिजोरीतच होता. न्येचा काही संबंध नाही. ते माफीपत्र फाडून टाक.”

यिनने शिक्का उचलला आणि त्याची बोटं थबकली.

“गरम आहे,” तो म्हणाला.

“मुठीत धरून आणला.”

त्याने दाराबाहेर, कोपऱ्यातल्या टेबलाकडे बघितलं. तिथे दोन कागदी पेले होते आणि शेजारी झाकण उघडा थर्मास. यिन जाड झाला होता, मठ्ठ झाला नव्हता. त्याने खाली चहाघरात फोन लावला. माणसं वर आली, करार उलगडले गेले, आणि चार पंचावन्नला तेरा आकड्यांसकट शिक्का पडला. उबेमुळे शाई जरा जास्तच लागली. कुणीतरी घंटा बडवली. शाई वाळायच्या आत यिनने खिशातला चाकू काढला, जुना लाकडी शिक्का टेबलावर धरला आणि चांदणीवर दोन आडव्या-उभ्या चिरा ओढल्या. मिनिटभर लागलं असेल.

केक कापायच्या गडबडीत तो तिच्याजवळ खिडकीत आला.

“तुला का बोलावलं, सांगू?” तो म्हणाला. “शोधणारे दुसरेही होते. पण शिक्का सापडलाच, तर तो पडताना तू इथे असावीस असं वाटलं. हे पन्नास जण टाळ्या वाजवतात, त्यांचा पगार आहे तो. टायरच्या दुकानामागची खोली बघितलेलं माणूस जळलं पाहिजे, तरच खरं वाटतं.”

“मी जळतेय,” मानलिंग म्हणाली. “मन लावून.”

तो हसला, पण लक्ष तिच्याकडे नव्हतं. तो समोरच्या मनोऱ्याकडे बघत होता. त्यावरची अक्षरं त्यांच्या इमारतीवरच्या अक्षरांहून मोठी होती.

“त्यांची गेल्या महिन्यात हजार कोटी ठरली,” तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी कोरा होता.

जाता जाता त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, सहज, केकची ताटली हातात घेऊन. “पांगमावशींचं आता वय झालं. पेट्यांची अदलाबदल व्हायला लागली. तूच म्हणालीस. आजच निरोप देऊ, भेटवस्तू चांगली देऊ.”

मानलिंगने मावशींना पोलिसांपासून वाचवायला जे खोटं रचलं होतं, तेच तिच्या हातात परत आलं.

कोपऱ्यात पांगमावशींनी कमरेचा नाडा सोडला. न्ये यालिनने चावी दोन्ही हातांनी घेतली आणि कमरेत वाकून मान दिला. मग लाल पेटी घेतली, या वेळी उघडून आत बघितलं, शिक्का उलटा करून आकडे वाचले, आणि मगच वहीत सही केली. मावशींनी ते सगळं उभं राहून बघितलं.

लिफ्टमध्ये दोघीच होत्या. मावशींच्या एका काखेत घडीची खाट होती, दुसऱ्या हातात बांबूची उशी आणि थर्मास. आठवा मजला आला.

“मोडला का गं तो?” मावशींनी विचारलं.

“हो. चीर मारली.”

“आडवी?”

“आडवी आणि उभी.”

मावशींनी मान हलवली. मग खाट लिफ्टच्या भिंतीला टेकवून ठेवली, थर्मास काखेत धरून झाकण फिरवलं आणि त्या झाकणातच पाणी ओतलं. निघताना यंत्रावरून भरून घेतलं असावं, वाफ येत होती.

“तहान लागली होती ना तुला,” त्या म्हणाल्या. “घे.”

पाण्याला एरंडेलाचा आणि लाल शाईचा वास येत होता. मानलिंग ते शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. मग दार उघडलं, आणि समोरच्या फुटपाथवर निळं कपाट होतं.